कोऱ्या नोटा

नमाज संपली, गळाभेटी झाल्या आणि हाजीसाबांनी तोफज्जलच्या हातात पाकीट ठेवलं. ठेवलं कसलं, कोंबलं. त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून वरून थोपटत ते "राहू दे, राहू दे" म्हणत होते, जणू काही तो नकोच म्हणत होता. तो काहीच म्हणत नव्हता. दर ईदेला मिळणाऱ्या बक्षिसीच्या पाकिटाची त्याच्या बोटांना ओळख होती. दोन नोटा, फार तर तीन. हे पाकीट जाड होतं. "यंदा म्हटलं पगारपण ईदेलाच देऊन टाकू सगळ्यांना," हाजीसाब म्हणाले. "मुद्दाम कोऱ्या नोटा आणवल्यात. ईदेच्या दिवशी हातात आलेल्या पैशाला बरकत असते रे." मागे भटारखान्यातले कुटीचाचा उभे होते, त्यांच्यामागे टेबलं सांभाळणारे दोघे भाऊ. हाजीसाबांचं अख्खं रेस्टॉरंट नव्या कुर्त्यांत, अत्तर लावून, रांगेत. अशा रांगेत माणूस काय बोलणार? तोफज्जलनं पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, छातीला लावलं, लहानपणापासून लावत आला तसं, आणि खिशात टाकलं. मग गर्दीतून वाट काढत तो हॉलच्या बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

बाहेर लख्ख ऊन होतं. वेल्सच्या त्या किनाऱ्यावर वर्षातून मोजके दिवस पडतं तसं, आणि समोरच्या गाड्यांवर समुद्रपक्षी बसून ओरडत होते. सहावा महिना. हा सहावा महिना होता. पाच महिन्यांचा पगार हाजीसाबांच्या रेस्टॉरंटच्या खात्यातून त्याच्या खात्यात येऊन पडला होता, एकेक करून, आणि प्रत्येक वेळी त्यानं फोनवर तो आकडा उघडून पाहिला होता. बायकोला इकडं आणायचं तर नवऱ्यानं वर्षाला अठरा हजार सहाशे पौंडांच्या वर कमावलं पाहिजे. नुसतं कमावून भागत नाही, ते दिसलं पाहिजे. सहा महिने ओळीनं पगाराची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर जो आकडा तोच बँकेत. वकीलबाई सादिया त्याच्याच जिल्ह्यातल्या, पण इथं जन्मलेल्या. बोट उभारून त्या म्हणाल्या होत्या, "रोख नको, तोफज्जलभाई. एकाही महिन्यात नको. रोख घेतली की व्हिसावाले कर कापून हातात उरलेलीच रक्कम धरतात, आणि तशी धरली तर तुम्ही अठरा हजार सहाशेच्या खाली जाता. कळतंय ना?" कळलं होतं. इतकं कळलं होतं की पाच महिने तो झोपेतही 'रोख नको' म्हणत असेल. आणि आज रोख त्याच्या खिशात होती, अत्तराचा वास लागलेली, आणि ती त्यानं स्वतःच्या हातांनी, मान लववून घेतली होती.

तिथल्या तिथं म्हणायला काय झालं होतं? हाजीसाब, हे बँकेतून पाठवा. पाच शब्दसुद्धा नाहीत. पण ईदेच्या सकाळी, चार माणसांदेखत, वडीलधाऱ्यानं दिलेलं पाकीट परत करायचं म्हणजे दुवा तोंडावर फेकायची. ज्यांच्यात तो वाढला त्यांच्यात कुणी हे केलेलं त्यानं पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. गोऱ्या माणसाला ही अडचणच समजली नसती. 'सर, कृपया बँकेतून' म्हणून तो मोकळा झाला असता आणि मालकालाही त्याचं काही वाटलं नसतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत. तो खिशावर हात ठेवून उभा राहिला. पाकीट कुणी चोरू नये म्हणून नव्हे. ते तिथं असल्याचं क्षणभर तरी विसरता येतं का ते बघत होता.

या सगळ्याची सुरुवात सादियाच्या टेबलापाशी झाली होती. त्यांनी त्याचे जुने कागद उलटसुलट करून पाहिले आणि चष्मा वर सरकवून विचारलं, "कागदावर तुम्ही आठवड्याला वीस तास काम करता. मग बाकीचा आठवडा काय करता हो?" त्याला पटकन हसू आलं होतं. बाकीचा आठवडाही तो तेच करायचा. तंदूर पेटवायचा, मसाले भाजायचा, रश्शाच्या मोठ्या पातेल्यात कांदा विरघळेपर्यंत उभा राहायचा. किनाऱ्यावरच्या सगळ्या रेस्टॉरंटांत तीच रीत होती, बापाच्या वेळेपासून. थोडे तास कागदावर, उरलेले हातात. वर निजायला खाट, दोन वेळचं जेवण. मालकाचा कर वाचतो, माणसाच्या हातात चार पैसे जास्त पडतात, कुणाचं वाईट होत नाही. हातातल्या त्या पैशांवरच सिल्हेटातल्या बियानीबाजारजवळ त्याच्या गावी दुमजली घर उठलं होतं. गुलाबी फरशी, पुढं कमान, कमानीवर बापाचं नाव. गावात त्याला लंडनी म्हणत. लंडनला तो आयुष्यात दोनदा गेला होता, दोन्ही वेळा पासपोर्टाच्या कामाला. ती कमान बघूनच मर्जिनाच्या वडिलांनी मुलगी दिली. तिकडं तो इतका श्रीमंत की लोक उसने मागायला यायचे, आणि इकडं सादियाच्या टेबलावर तो वीस तासांचा माणूस होता, ज्याला बायको पोसायची ऐपत नाही. "म्हणजे बघा," सादिया म्हणाल्या होत्या, वाईट वाटून नव्हे, नुसतं दाखवून द्यावं तसं, "तुमच्यातले चाळीसेक तास कुठंच नाहीत." परतीच्या बसमध्ये तो त्या तासांचाच विचार करत बसला होता. वीस वर्षांचे तास. त्या तासांत तो पोरगेला होता तो जून झाला, बाप वारला, आई गावी परत गेली, गुडघा दुखायला लागला. आणि हे सगळं कुठंच झालं नव्हतं.

फोन थरथरला. मर्जिना. तिकडं ईद उद्या होती, चाँद अजून दिसायचा होता, आणि तिच्या हातांना कोपरापर्यंत तांदळाचं पीठ लागलेलं होतं. फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, त्यामुळं तिचा अर्धा चेहरा आणि मागची कपाटाची फळी दिसत होती. कपाटावर ती निळी बॅग. लग्नानंतर तिच्या वडिलांनी घेतलेली, अजून प्लास्टिकमध्ये. त्याची आई मधूनमधून बॅगेवरची धूळ पुसते आणि विचारते, खाली काढू का, आणि मर्जिना म्हणते, नको, हात लावला की नजर लागते.

"ईद मुबारक, लंडनी," ती म्हणाली. "सेवई मिळाली की नाही? की गोऱ्यांच्या देशात ईदेला पण कोंबडीच?"

"मिळणार आहे. हाजीसाबांकडं जेवायला जायचंय."

"चेहरा का असा? कुणी मेलं का?"

"कुणी नाही."

"मग पगार झाला का ते सांगा. आज तारीख आहे ना." तिला तारखा पाठ होत्या. ती बियानीबाजारात बसून त्याच्या पगाराच्या तारखा पाठ करायची आणि शेजारणींना त्या मुलाच्या वाढदिवसासारख्या सांगायची. त्याला खोटं बोलायचं होतं. झाला म्हणायचं, मग बघू. पण तिच्याशी खोटं बोलताना त्याची नजर खाली जायची, आणि ही खोड तिला दोन फेऱ्यांत मिळून जे दोन महिने तो तिच्याजवळ राहिला तेवढ्यात कळली होती. त्यानं सांगून टाकलं. पाकीट, कोऱ्या नोटा, रांग. सांगताना त्याचा आवाज चढत गेला, जणू चूक तिचीच होती.

ती पीठ मळायची थांबली नाही. "परत द्या," ती म्हणाली.

"ईदेला? तुला कळतंय का काय म्हणतेस? माझ्या बापाला ज्यांनी कामाला लावलं त्यांना—"

"मला सगळं कळतं. तुम्हाला लाज वाटते. वाटू दे ना, आज संध्याकाळपर्यंत वाटेल, उद्या विसराल. पण परत नाही दिलं तर मला इथं पुढच्या ईदेपर्यंत वाटेल. आत्ताच खालच्या घरची विचारत होती, नवरा खरंच नेणार का गं, की पैसे पाठवून पाठवून म्हातारी करणार." मग एकदम हसली. "आणि खरं सांगा, पाकीट खिशात टाकायच्या आधी नोटा मोजल्या का?"

"नाही."

"बघा. मोजल्या असत्या तर परत द्यायला जड गेलं असतं. देवानंच सोय केलीये. जा." आणि फोन बंद झाला. तिची ही सवय होती, शेवटचा शब्द आपण बोलायचा आणि फोन ठेवायचा. तो पडद्याकडं बघत राहिला. तिच्या बोटांना पिठाखाली सातकऱ्याचा वास असणार, त्याच्या मनात आलं. त्या जाड सालीच्या लिंबाचा कडवट, ओला वास. सिल्हेटात ज्या घरात मांस शिजतं त्या घरात तो असतोच, पण तिच्या बोटांतून तो साबणानंही जात नसे, आणि लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत ती हात मागं लपवायची. रेस्टॉरंटात सातकरा गोठलेला येई, पाकिटातून. पाकीट फोडलं की तो वास येऊन जायचा, आणि कुटीचाचा म्हणायचे, "काय रे, पाकिटात तोंड घालून काय बघतोस, बायको आहे का आत?"

हाजीसाबांच्या घरी जेवायला सगळे जमले. चाचींनी हांदेश तळले होते, गुळाचे, टम्म फुगलेले, आणि सातकरा घालून मांस. जमिनीवर चादर, मध्ये ताटं. तोफज्जलनं हांदेश नुसता तोडून ताटात ठेवला. बसलं की पाकीट मांडीला टोचायचं. त्यानं ते खिशात उभं केलं, आडवं केलं, शेवटी मांडी मोडून बसला. "पोट बिघडलंय का तुझं?" कुटीचाचा म्हणाले. "पगार हातात आला की माणसाला भूक लागते. मला तरी लागते. तुझ्या त्या बँकबिंकेपायी पाच महिने माझी भूक मेली होती." दोघे भाऊ हसले. तोफज्जलही हसला. कुटीचाचांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याचे तास पुरे कागदावर आले तेव्हा हाजीसाबांच्या हिशेबनिसानं सांगितलं होतं की एकाच भटारखान्यात एकाचे साठ आणि दुसऱ्याचे वीस कसे दिसतील, दाखवायचे तर सगळ्यांचे दाखवा. मग सगळ्यांचे दाखवले, सगळ्यांचा कर कापला गेला, सगळ्यांच्या हातात कमी पडलं. कुटीचाचा महिनाभर कुरकुरले आणि मग गप्प बसले. चांगला माणूस. तोफज्जलच्या बापाच्या बरोबरीचा. त्यांचीही बायको होती गावी, तीस वर्षं होती. त्या काळी आणायला इतकं अवघड नव्हतं म्हणतात. पण पुढच्या वर्षी आणू, घर झालं की आणू, पोरगी उजवली की आणू, असं करता करता ती तिकडंच गेली, आणि मातीला कुटीचाचा पोचले नाहीत, कारण तो शनिवार होता आणि रेस्टॉरंट भरलेलं होतं. वरच्या खोलीत त्यांची खाट तोफज्जलच्या खाटेला लागून होती. झोपेत ते घोरायचे नाहीत, हुंकार द्यायचे, कुणीतरी काहीतरी सांगतंय आणि आपण ऐकतोय अशासारखे. हल्ली काही दिवस पहाटे तोफज्जलला तो हुंकार ऐकून भीती वाटायची. ती भीती कुटीचाचांची नव्हती. आपण या खाटेवरून त्या खाटेवर कधी सरकलो हे आपल्याला कळणारच नाही, याची होती.

जेवणं झाली, पानं झाली. कुटीचाचा आणि दोघे भाऊ समुद्रावर फिरायला गेले, संध्याकाळी रेस्टॉरंट उघडायचं होतं. तोफज्जल ताटं उचलायच्या निमित्तानं मागं राहिला. हाजीसाब पुढच्या खोलीत एकटेच आरामखुर्चीत बसले होते, टोपी गुडघ्यावर, डोळे मिटून. आज पहिल्यांदाच त्याला ते म्हातारे वाटले. नेहमी ते मालक वाटायचे. तो दारात उभा राहिला, परत फिरला, स्वयंपाकघरात जाऊन उगीचच पाणी प्यायला, परत आला. गळ्यात शब्द तयार होते, सकाळपासून घोळवून घोळवून गुळगुळीत झालेले, आणि तोंड उघडल्यावर त्यांतला एकही बाहेर आला नाही.

"हाजीसाब, मला हे नको."

त्यांनी डोळे उघडले. त्याच्या पुढं केलेल्या हाताकडं पाहिलं, हातातल्या पाकिटाकडं. "नको म्हणजे?"

"म्हणजे बक्षिसी घेतो मी. पगार नको. म्हणजे पगार हवा, पण बँकेतून हवा. सहावा महिना आहे हो. हा एकच राहिलाय. रोख चालत नाही, त्या वकीलबाईंनी सांगितलंय. मी सकाळीच बोलणार होतो, पण सगळ्यांसमोर..." त्याला वाटलं आपण आता रडणार, चौतिसाव्या वर्षी, ईदेला, मालकाच्या बैठकीत. "माफ करा. तुमचा हात मागं लोटायचा नव्हता मला."

हाजीसाब रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्याची त्यानं तयारी केली होती. ते बापाचं नाव काढतील, बर्मिंगहममध्ये त्याच्या बापाबरोबर काढलेल्या पहिल्या हिवाळ्याची नेहमीची गोष्ट सांगतील, तोही मान खाली घालून ऐकेल, आणि मग ते वैतागून बँकेत पैसे टाकतील. पण ते रागावले नाहीत. त्यांनी दाराकडं पाहिलं, चाची आत भांडी आवरत होत्या, आणि आवाज खाली आणला. "दार लोट."

त्यानं दार लोटलं.

"बँकेतून पाठवता येत नाही, बाबा," ते म्हणाले. "बँकेत काही नाही. काही नाही म्हणजे उणे आहे. कराचा हप्ता गेला, सगळ्यांचा पूर्ण दाखवला तसा. हिवाळा तुला माहीतच आहे, आठवड्यात चार टेबलं. आता मी खात्यात काही टाकलं की बँक आधी आपलं गिळते, तुमच्यापर्यंत येतच नाही. मग काय करू? ईद आली. ईदेला पोरांना पगार नाही असं या घरात कधी झालं नाही." टोपी गुडघ्यावरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. "हे तुझ्या चाचीचे आहेत. उमऱ्याच्या यात्रेसाठी साठवलेले. तिच्या बँकेतून काढून आणले तेव्हा खिडकीतल्या पोरीनं कोऱ्या नोटा दिल्या, मी मागितल्या नव्हत्या. मग मनात आलं, चला, ईदेचं म्हणून देऊ. कुणाला कळणार नाही."

तोफज्जल खाली बसला. खुर्चीवर नव्हे, तिथंच जमिनीवर, चादर अजून अंथरलेली होती तिथं. हात दाखवून अवलक्षण, त्याच्या मनात आलं, आणि ते कुणाच्या बाबतीत हे त्याला नक्की ठरवता येईना. पाच महिने त्यानं फोनवर जे आकडे आनंदानं उघडून पाहिले होते, त्यांतल्या प्रत्येक आकड्यानं या माणसाचं खातं थोडं थोडं खाल्लं होतं. त्यानं कमाई दाखवायला सांगितली, आणि दाखवता दाखवता कमाई संपत आली. वीस तासांचा होता तेव्हा तो कुठंच नव्हता पण रेस्टॉरंट चालत होतं. आता तो कागदावर पुरा उभा राहिला आणि खालची जमीन गेली. त्याला हाजीसाबांची दया आली आणि त्याच क्षणी संताप आला, की हे मला आधी का नाही सांगितलं. आणि त्या दोन्हींच्या खाली एक तिसरी, हलकट गोष्ट होती, जी त्यानं लगेच ओळखली. ती म्हणत होती, ते सगळं ठीक आहे, पण माझा सहावा महिना?

"खड्डा किती आहे?" त्यानं विचारलं.

हाजीसाबांनी आकडा सांगितला. फार मोठा नव्हता. मोठा असता तर सोपं झालं असतं, मान हलवून उठता आलं असतं. इथल्याच गावातल्या टेकडीवर त्यानं एक खोली बघून ठेवली होती, खिडकीतून पाण्याचा तुकडा दिसणारी. तिच्या अनामतीचे आणि पलंगाचे म्हणून त्यानं बाजूला टाकलेले पैसे होते, मर्जिनाला न सांगता, तिला खोली एकदम दाखवायची म्हणून. खड्डा जवळजवळ तेवढाच होता.

"मी आणून देतो," तो म्हणाला. "ते खात्यात टाका, म्हणजे बँकेचं भागेल. मग हे पाकीट टाका. आणि मग मला माझा पगार पाठवा."

हाजीसाब खुर्चीत सरळ बसले. "म्हणजे मी माझ्या नोकराकडून उसने घेऊन त्यालाच पगार देऊ?"

"नोकराकडून कशाला म्हणता. माझ्या बापाच्या मित्राला देतोय. उसने. फेडाल तेव्हा फेडाल."

"आणि पुढच्या महिन्यात?" ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात काय करशील, तोफज्जल? तुझी बायको यायला वेळ लागेल. तोवर हे दार उघडं राहील असं मी तुला सांगू शकत नाही. खोटं नाही सांगणार, ईद आहे."

तोफज्जल मनात हिशेब मांडू लागला. अर्ज जाईल तेव्हा नोकरी असली पाहिजे. सादिया म्हणाल्या होत्या, मालकाचं पत्र लागेल. पत्र मिळेल. त्यानंतर कुठं तरी दुसरीकडं तंदूर असेल, किनारा मोठा आहे. असंच सगळे म्हणतात, किनारा मोठा आहे, आणि एकेक करून दिवे बंद होत जातात. हे सगळं त्याला दिसत होतं, अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि तरी त्याचा हात पाकीट धरून पुढंच होता. "आधी हा महिना होऊ द्या," तो म्हणाला.

हाजीसाबांनी पाकीट घेतलं. सकाळी त्यानं घेतलं होतं तसंच, दोन्ही हातांनी. फक्त छातीला लावलं नाही. त्यातल्या बक्षिसीच्या दोन नोटा काढून त्यांनी त्याच्या पुढं केल्या आणि तोंड दुसरीकडं वळवलं. "ही तरी घे. ही पगारातली नाही." त्यानं घेतल्या. आतून चाचींचा आवाज आला, "अहो, पोराला हांदेश बांधून देऊ का?" आणि हाजीसाब मोठ्यानं म्हणाले, "दे की, विचारतेस काय," आणि त्यांचा आवाज पुन्हा मालकाचा झाला.

रेस्टॉरंटकडं चालत जाताना त्याच्या हातात हांदेशचा गरम डबा होता आणि खिसा हलका. त्याला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. चढावर ती खोली होती, तिच्या खिडकीत अजून 'भाड्यानं' ची पाटी होती. त्यानं तिकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. वर खोलीत जाऊन कुर्ता काढला, कामाचा सदरा घातला. कुटीचाचांच्या उशीखालून पाकिटाचं पांढरं टोक दिसत होतं. ते बापडे नोटांवर निजणार होते आज. खाटेवर बसल्या बसल्या त्यानं फोन लावला.

तिकडं रात्र झाली होती. चाँद दिसला होता, मागं पोरांचा गोंगाट, कुणीतरी फटाका उडवला. मर्जिनानं मेंदी लावली होती, त्यामुळं फोन तिच्या बहिणीनं धरला होता आणि तो सारखा हलत होता.

"दिलं?" तिनं विचारलं.

"दिलं."

"रागावले?"

"नाही. बँकेतून पाठवणार आहेत. सोमवारी."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" ती बहिणीकडं वळून काहीतरी म्हणाली आणि बहीण ओरडली. "म्हणजे सहा झाले. म्हणजे आता तुम्ही सरकारदरबारी श्रीमंत."

"हो," तो म्हणाला. "कागदावर."

"कागदावरच लागतं ना पण." मग ती थांबली. तिचं थांबणं क्वचित व्हायचं. गोंगाटातून तिचा आवाज अगदी लहान आला. "ऐका ना. बॅग खाली काढू?"

फोन हलत होता, मेंदीचे हात, मग छत, मग कपाटाचा वरचा भाग, मग पुन्हा तिचा चेहरा. त्यानं सांगायला हवं होतं. थांब म्हणायला हवं होतं, बाई, जरा थांब, इथं खाली आठवड्यात चार टेबलं भरतात आणि खात्यात खड्डा आहे, आणि जो पगार तू मोजते आहेस तो माझ्याच खिशातून निघून माझ्याच खिशात येणार आहे. ते सगळं तोंडाशी आलं होतं. भिंतीपलीकडून, समुद्रावरून परतलेल्या कुटीचाचांची पावलं जिन्यावर वाजत होती, एक पायरी, मग थोडं थांबून दुसरी.

"काढ," तो म्हणाला.

मग तो तंदूर पेटवायला खाली उतरला.